पिवळा चौकोन

दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनच्या शटलमध्ये अडकलेलं सुईचं तुटकं टोक तो चिमट्याने काढत होता, तेव्हा दुकानाच्या पायरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि उजेड अडला.

"जरा बाजूला व्हा," तो मान वर न करता म्हणाला.

सावली सरकली. टोक निघालं. ते डबीत टाकून, हात फडक्याला पुसून त्याने वर पाहिलं. एक बाई होती, गळ्यात ओळखपत्र. त्यावरचं हॉस्पिटलचं चिन्ह दिसलं आणि तो स्टुलावरून अर्धा उठला.

"घाबरू नका, चांगलं काम आहे," बाई म्हणाली. "मी ऑफिसातून आलेय. आम्ही मोठ्या सिस्टरांचा सत्कार करतोय. अपघात विभागात लहान मुलांचं बघतात त्या. आठवतात ना तुम्हाला?"

"आठवतात."

"तिथे जे काही बदललं ते त्यांच्यामुळे. आता दुसऱ्या हॉस्पिटलांतले लोक येऊन बघून जातात. तर आमच्या मनात होतं, तुम्ही दोन शब्द बोलावेत. मुलीला घेऊन या. ती आपल्या पायांनी स्टेजवर चालत आली, की बाकी बोलायची तशी गरजच नाही."

त्याने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तिची आई त्याच दिवशी गेली. तिथेच."

"हो, कल्पना आहे आम्हाला." बाईने आवाज खाली आणला. "तो उल्लेख आपण टाळू शकतो."

त्याने पेचकस उचलला. "विचार करून सांगतो."

घरी सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आपली मुलगी गेली त्या दिवशी आल्या त्या राहिल्याच. नातीचं जेवण, शाळा, वेणी, सगळं त्यांनी न बोलता अंगावर घेतलं होतं. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सारखी काहीतरी इकडचं उचलून तिकडे नेत असे. आताही ती एक एक टरफल उचलून बादलीपर्यंत जात होती. डावा पाय किंचित ओढत जाई. बघणाऱ्याला माहीत नसेल तर कळलंही नसतं.

त्याने चप्पल काढता काढता सगळं सांगितलं.

"मग बोला की," सासूबाई म्हणाल्या. "पोर वाचली. दोन शब्द बोलायला काय जातंय तुमचं?"

"मला भाषण येत नाही, आई."

"भाषण कोण मागतंय? गिऱ्हाइकाशी बोलताना तर तोंडाचा पट्टा थांबत नाही तुमच्या."

"मला स्टेजवर फुगा देतील?" मुंगीने विचारलं.

"तू आधी टरफलं उचल," सासूबाई म्हणाल्या. मग मुंगी बादलीकडे गेल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या पोरीचं नाव निघेल का तिथे?"

"नाही. टाळू म्हणाली ती बाई."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

अपघाताच्या दिवशी बायको आणि मुंगी शाळेतून स्कूटरवर येत होत्या. ट्रक मागून आला. तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा शेजारी शेजारी दोन दारं होती. एकाच्या आत बायको, दुसऱ्याच्या आत मुलगी. कुठे जायचं हे ठरवायला त्याला वेळच मिळाला नाही. एका ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या सिस्टरने त्याचा दंड धरला, त्याला मुलीच्या खोलीत नेलं आणि खाटेच्या उशाशी जमिनीवर पिवळ्या पट्टीने आखलेल्या चौकोनात उभं केलं. बाकी सगळ्यांचेही असेच चौकोन होते, वेगवेगळ्या रंगांचे.

"तुमचं काम एकच," ती म्हणाली. "हिच्याशी बोलत राहायचं. थांबायचं नाही. हिच्या छातीत नळी घालायचीय आणि डोक्याला मार आहे, त्यामुळे झोपवता येत नाही. ही हलली नाही पाहिजे."

काय बोलायचं ते त्याला सुचेना. तोंडपाठ असं त्याला एकच येत होतं, मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते. तेच तो सांगत सुटला. रिळापासून सुईपर्यंत, आणि संपलं की पुन्हा रिळापासून. मुलीचे डोळे त्याच्या तोंडावर खिळलेले होते. नळी घातली तेव्हा ती कण्हली, पण हलली नाही. मधे एकदा पाठीमागचं, दोन खोल्यांच्या मधलं दार उघडून बंद झालं. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला थांबायचं नाही असं सांगितलं होतं.

तो त्या चौकोनातून बाहेर आला तेव्हा बायको गेलेली होती.

संध्याकाळी सासूबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं.

"तिच्याजवळ होतात ना तुम्ही?"

"मुंगीजवळ होतो."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं, भांडल्या असत्या, तर बरं झालं असतं असं त्याला कधी कधी वाटे. दोघं एका घरात राहत होते, एकाच पोरीकडे बघत होते, आणि ते वाक्य तिथेच पडून होतं.

सत्कार होणार होता त्याच सिस्टरमुळे मुलगी आज आहे हे त्याला पुरतं मान्य होतं. बायको एकटी गेली तीही तिच्यामुळेच, हेही तो विसरला नव्हता. एकाच माणसाबद्दल ह्या दोन गोष्टी माइकसमोर उभं राहून कशा बोलायच्या? आणि एक सांगून दुसरी गिळायची, तर ते खोटं बोलण्यासारखंच झालं असतं. समोर जाऊन नाही म्हणून यायचं, एवढं त्याने ठरवलं.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो हॉस्पिटलात गेला. अपघात विभागाच्या दारावर सराव चालू आहे असा कागद चिकटवलेला होता. दार अर्धवट उघडं होतं. आत खाटेवर रबराची एक बाहुली होती, मुंगीएवढी. तिच्याभोवती तीन-चार नव्या सिस्टर आणि एक तरुण डॉक्टर. मोठ्या सिस्टर वाकून बाहुलीच्या दंडाला पट्टा बांधत होत्या.

"डॉक्टर, निळा. तुमचा चौकोन निळा आहे. तिथे उभे राहिलात की मला मुलगी दिसत नाही, तुमची पाठ दिसते."

"सॉरी, सिस्टर."

"सॉरी नको. सरका."

पोरी हसल्या. डॉक्टरही हसला आणि सरकला.

"परत सांगते. बोलणार एकच जण, बाकीच्यांनी ऐकायचं. पण काही चुकतंय असं कुणाच्याही लक्षात आलं, फरशी पुसणाऱ्या मावशींच्या आलं तरी, 'थांबा' म्हणायचं. आणि सगळ्यांनी थांबायचं. वय बघायचं नाही, पद बघायचं नाही. कळलं?" मान वर न करताच त्यांनी विचारलं, "बाप आला का? बापाच्या जागी उभं राहायला स्टोअरमधून कुणालातरी पाठवतो म्हणाले होते."

दाराजवळची सिस्टर त्याच्याकडे वळली. "हे आलेत वाटतं. या ना काका, आत या. पिवळ्यात उभे राहा."

मी तो नाही, असं त्याला म्हणता आलं असतं. पण पाय आधीच निघाले होते. तो पिवळ्या चौकोनात जाऊन उभा राहिला. पट्टी नवी लावलेली होती. जुन्या पट्टीचा डिंक कडेने काळा पडला होता.

सराव सुरू झाला. मोठ्या सिस्टर एक एक सांगत होत्या, बाकीचे करत होते, केलेलं मोठ्याने परत सांगत होते. त्याने बाहुलीकडे पाहिलं. तिचे डोळे रंगवलेले होते. एवढ्यात पाठीमागचं दार उघडलं. या वेळी त्याने वळून पाहिलं.

सगळ्यांत लहान दिसणारी सिस्टर आत आली, त्याच्या अगदी जवळ उभी राहिली आणि धडा म्हणून दाखवावा तशी घडाघडा बोलली.

"तुमच्या पत्नी शेजारच्या खोलीत आहेत त्यांची प्रकृती अत्यंत चिंताजनक आहे तुम्ही इथे थांबू शकता किंवा त्यांच्याजवळ जाऊ शकता तुम्ही गेलात तर मुलीजवळ मी उभी राहीन."

"काय?" तो म्हणाला.

पोरगी गोंधळली. स्टोअरमधला माणूस या ठिकाणी बहुधा लगेच 'थांबतो' म्हणत असावा. तिने परत सांगितलं, पहिल्यापेक्षाही भराभर.

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली. त्यांनी त्याला पाहिलं आणि ओळखलं. त्यांचा हात थोडा वर आला, 'थांबा' म्हणायला यावा तसा. मग तो हात त्यांनी खाटेच्या कडेवर ठेवला.

"जातो," तो म्हणाला.

पोरगी चटकन त्याच्या जागी उभी राहिली आणि बाहुलीशी बोलू लागली. तो मधल्या दारातून पलीकडे गेला.

पलीकडच्या खोलीत एक खाट होती, स्वच्छ चादर घातलेली, रिकामी. मावशी फरशी पुसत होत्या.

"पाय जपून, ओलं आहे. कुणाला शोधताय?"

"कुणाला नाही."

तो खाटेच्या उशाशी उभा राहिला. मावशींनी त्याच्या पायांभोवतीची फरशी तशीच सोडून बाकीची पुसून घेतली आणि बादली घेऊन गेल्या. भिंतीपलीकडून त्या लहान सिस्टरचा आवाज येत होता. ती बाहुलीला कुठल्याशा मांजराची गोष्ट सांगत होती. स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे त्या दिवशी इथून त्याचा आवाजही ऐकू येत असणार. हे त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं.

नंतर मोठ्या सिस्टर बाहेर बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी बूट काढले. पाय सुजलेले होते.

"मला वाटलं स्टोअरमधला माणूस आहे," त्या म्हणाल्या. "माफ करा."

"हे कधीपासून विचारता?"

"तुमच्यानंतर."

त्याने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या दिवशी दार उघडलं होतं एकदा."

"हो. तिकडची सिस्टर आली होती. आईचं काही खरं नाही म्हणाली. मी मानेनेच नको म्हटलं, तिला परत पाठवलं."

"का?"

"नळी अर्धी आत होती. पोरगी तुमच्याकडे बघत होती म्हणून पडून होती. तुम्ही वळला असतात तर ती हलली असती." त्यांनी पाय पुढे पसरले. "आजही मला तेच वाटतं. पण ते माझ्या एकटीने ठरवायचं नव्हतं. तुमच्या जागी कुणी उभं करायला हवं होतं, आणि तुम्हाला विचारायला हवं होतं. तेव्हा तशी पद्धतच नव्हती. नंतर बसवली. बरेच वाद झाले. विचारायला कुठे वेळ असतो, म्हणाले लोक. विचारायला वाक्य एक लागतं, माणूस मात्र तयार ठेवावा लागतो."

"लोक काय करतात? विचारल्यावर?"

"काही जातात, काही थांबतात. एक बाई मधल्या दारातच उभी राहिली, शेवटपर्यंत. तेही चालतं."

"माझ्या बायकोजवळ कोण होतं?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तिकडची टीम होती. कुणी हात धरला होता, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मला माहीत नाही. मी तिथे नव्हते."

कुणीतरी ट्रॉली घेऊन गेलं. दोघांनी पाय आत घेतले.

"मी ते भाषण करणार नाही," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो होतो."

"कुठलं भाषण?" मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्हाला विचारलं त्यांनी? मला सांगितलं असतं तर तुमच्या दारात पाऊल ठेवू दिलं नसतं. नका करू. अजिबात नका करू."

तो उठला. दोन पावलं गेला आणि परत आला.

"ती लहान सिस्टर," तो म्हणाला. "फार भराभर बोलते. मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. आणि 'प्रकृती चिंताजनक' म्हणजे काय? टीव्हीवर पुढाऱ्यांबद्दल सांगतात तसं वाटतं. सरळ सांगा ना, वाचणार नाहीत म्हणून."

"नक्की माहीत नसताना कसं सांगायचं? वाचली तर?"

"मग वाचतील असं वाटत नाही, एवढं म्हणा."

सिस्टरांनी विचार केला. "हे चालेल," त्या म्हणाल्या. बूट घालताना त्यांनी विचारलं, "गुरुवारी याल? त्या पोरी एकमेकींनाच विचारतात. उत्तर आधीच ठरलेलं असतं, मग समोरच्याला वेळ लागतो हे त्यांना कळत नाही. तुम्हाला जड जाणार असेल तर नको."

"बघतो," तो म्हणाला.

तो गुरुवारी गेला. त्याच्या पुढच्याही गुरुवारी गेला. पोरी त्याला बाबा म्हणायला लागल्या. लहान सिस्टर आता सावकाश विचारायची, डोळ्यांत बघून, आणि विचारून झाल्यावर गप्प राहायची. ते गप्प राहणं तिला सगळ्यांत अवघड गेलं. कधी तो 'जातो' म्हणे. एकदा त्याला जायचं होतं आणि पाय चौकोनातून निघालेच नाहीत. आपण नक्की गेलो असतो, असं तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. त्या दिवशी घरी जाताना त्याला फार थकवा आला.

सत्कार झाला. तो मागच्या रांगेत बसला होता. दुसरा एक बाप बोलला, चांगलं बोलला, लोकांनी डोळे पुसले. मोठ्या सिस्टरांना काचेचं एक जड मानचिन्ह दिलं. ते कुठे ठेवावं ते त्यांना कळेना, म्हणून शेवटपर्यंत त्यांनी ते बाळासारखं कडेवर धरून ठेवलं. त्या फार थोडं बोलल्या. "आधी आम्ही माणसांना सांगायचो," त्या म्हणाल्या. "आता विचारतो. हे मला एका घराकडून शिकायला मिळालं. त्या घरातली आई आमच्याकडेच गेली. हे तिच्याही नावाने धरा." टाळ्या जरा उशिरा वाजल्या.

घरी येऊन त्याने सासूबाईंना सांगितलं. सत्काराचंच नाही, सगळंच. दार उघडलं होतं ते, मानेने नको म्हटलं ते, भिंतीपलीकडे आवाज ऐकू येतो ते. कुणी हात धरला होता का ते माहीत नाही, हेही सांगितलं. त्या मुंगीच्या गणवेशाला इस्त्री करत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी एकच बाही तीन वेळा फिरवली.

"गुरुवारी तुम्ही तिथे जाता होय," एवढंच त्या म्हणाल्या. "मला वाटलं, उधारी वसूल करायला जाता."

पुढचे काही दिवस त्या कामापुरतं बोलल्या. मग एके सकाळी मुंगीची वेणी घालता घालता त्यांनी विचारलं, "पलीकडच्या खोलीत कोण असतं? सरावाच्या वेळी."

"कुणी नाही. रिकामी खाट."

"म्हणजे तुम्ही उठून जाता ते रिकाम्या खाटेजवळ?"

"हो."

"आजी, दुखतंय," मुंगी म्हणाली.

"हलू नकोस मग." त्यांनी रिबीन बांधली, गाठ ओढून बघितली. "मी येते गुरुवारी. झोपून राहायचंय ना नुसतं? तेवढं मला जमेल."

मोठ्या सिस्टरांनी काही विचारलं नाही. सासूबाईंना हाताला धरून त्यांनी पलीकडच्या खाटेवर बसवलं, चपला खाली नीट जोडून ठेवल्या, अंगावर चादर घातली. "गार वाटतंय का?" असं मात्र विचारलं. मधलं दार बंद झालं.

तो पिवळ्या चौकोनात उभा राहिला. डॉक्टर निळ्यात. नळी अर्धी आत गेली, तेव्हा दार उघडलं. लहान सिस्टर त्याच्या शेजारी आली.

"तुमची बायको शेजारच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "त्या वाचतील असं वाटत नाही. तुम्ही इथे थांबा किंवा तिकडे जा, दोन्ही चालेल. गेलात तर मुलीपाशी मी आहे."

मग ती गप्प राहिली. भिंतीपलीकडे सासूबाई खोकल्या.

"जातो," तो म्हणाला.

सासूबाई डोळे मिटून, हात पोटावर ठेवून पडल्या होत्या. चादरीखाली त्या फार लहान दिसत होत्या. तो उशाशी जाऊन उभा राहिला. बाहुलीशी बोलण्याचा आवाज पलीकडून येत होता. त्यांनी तो थोडा वेळ ऐकला. मग डोळे न उघडता विचारलं,

"मुलीजवळ कोण आहे?"

"सिस्टर आहे."

त्या खाटेवर थोड्या सरकल्या, कडेला जागा होईल एवढ्या.

"मग बसा," त्या म्हणाल्या.